बेभरंवशाचा व्हाल्व्ह, भरंवशाचा वर्धक

इ. स. १९२७ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या नभोवाणी-केंद्राचें उद्घाटन झालें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या त्या केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. परंतु माणसाचा शब्द तारेवांचून दूरवर पोंचतो, हें नवल त्या दिवसापासून मुंबईकरांच्या अंगवळणीं पडूं लागलें. त्या शब्दाच्या मार्गांत केवढी अडचण दबा धरून बसलेली असते, याची कल्पना मात्र ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना असेल. ध्वनिग्राहकापुढें उच्चारलेल्या शब्दापासून उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो. निर्वात नळीच्या, म्हणजे व्हाल्व्हच्या साहाय्यानें तो पुनः पुनः वाढवावा लागतो. वाढविण्याचें हें काम करणारी रचना म्हणजे अॅम्प्लिफायर अथवा वर्धक. वर्धक नसता तर नभोवाणीहि नसती आणि लांब पल्ल्याचा टेलिफोनहि नसता.

वर्धकाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली ही कीं, आज त्यानें प्रवाह शंभरपट केला तर उद्यांहि शंभरपटच करावा. दुसरी ही कीं, हळू आवाज शंभरपट झाला तर मोठा आवाजहि शंभरपटच व्हावा. एकाला झुकतें माप आणि दुसऱ्याला तुटकें, असा पक्षपात त्यानें करूं नये. दुसऱ्या गुणाला शास्त्रज्ञ सरळरेषता म्हणतात, कारण आंत आलेल्या व बाहेर पडलेल्या प्रवाहांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेंत यावा लागतो. व्हाल्व्हच्या अंगीं यांपैकीं एकहि गुण पुरतेपणीं नव्हता. त्यांतील तंतु जसजसा जुना होई, तसतशी त्याची शक्ति उतरे. बॅटरीचा दाब थोडा कमीजास्त झाला कीं वर्धनहि कमीजास्त होई. आणि मोठा आवाज आला म्हणजे त्याचे उंच तरंग माथ्यावर दडपले जात. अशा दडपलेल्या तरंगांतून मुळांत नसलेले नवे स्वर जन्म घेतात. एका सेकंदांत १००० आणि १३०० कंपनें असलेले दोन स्वर अशा वर्धकांत एकाच वेळीं शिरले, तर बाहेर पडतांना त्यांच्याबरोबर ३०० व २३०० कंपनांचे आगंतुक स्वरहि निघतात. हीच विकृति.

नभोवाणीच्या लहान यंत्रांत हा दोष खपून जाई. टेलिफोनच्या लांब मार्गावर मात्र त्यानें सारें कामच अडवून धरलें. अमेरिकेंत २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क व सॅन फ्रॅन्सिस्को ही दोन शहरें सुमारें ३४०० मैलांच्या तारेनें बोलतीं झालीं, तेव्हां सबंध वाटेवर वर्धकांचीं ठाणीं तीनच होतीं. पुढें एकाच तारेवरून अनेक संभाषणें नेण्याची युक्ति निघाली. प्रत्येक संभाषणाला कंपनसंख्येचा वेगळा पट्टा द्यावयाचा आणि दुसऱ्या टोंकाला तीं सारीं पुनः वेगळीं करावयाचीं, अशी ती योजना होती. पण या सर्व संभाषणांना वाटेंतील प्रत्येक वर्धकांतून एकत्रच जावें लागे, आणि वर उल्लेखिलेले आगंतुक स्वर एकाच्या पट्ट्यांतून दुसऱ्याच्या पट्ट्यांत घुसत. शिवाय पट्टे जितके अधिक, तितकी वरच्या कंपनसंख्यांची तारेंतील झीज अधिक, आणि वर्धकांची संख्याहि अधिक. एकापुढें एक शंभर वर्धक ठेवले आणि प्रत्येकाचें वर्धन शेंकडा एकानेंच उतरलें, तरी शेवटीं मूळ प्रवाहाचा शेंकडा ३७ इतकाच भाग हातीं लागतो. चढलें तर तोच प्रवाह पावणेतीनपटींच्या घरांत जातो. एका वर्धकाची लहानशी चूक अशा रीतीनें सबंध मार्गाचा घात करी.

हा प्रश्न ज्यानें सोडविला तो हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक हा इंजिनिअर १८९८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लेमिन्स्टर या गांवीं जन्मला. वूस्टर येथील पॉलिटेक्निक संस्थेची पदवी घेऊन १९२१ सालीं तो न्यूयॉर्कच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींत नोकरीस लागला. तिचाच संशोधन-विभाग १९२५ पासून बेल टेलिफोन प्रयोगशाळा या नांवानें प्रसिद्धीस आला. आरंभीं ब्लॅकनेंहि इतरांचीच वाट धरली. व्हाल्व्हच सुधारावा, त्याचा आलेख अधिकाधिक सरळ करावा, असा त्याचा प्रयत्न होता. त्यांत थोडें यश येई; पण हवें होतें तें हजारों पटींनीं अधिक होतें.

१९२३ च्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध विद्युत्शास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचें व्याख्यान त्यानें ऐकलें. प्रश्नाच्या मुळाशीं थेट जाण्याची स्टाइनमेट्झ यांची रीत त्याच्या मनावर ठसली. त्याच रात्रीं घरीं परतल्यावर त्यानें आपल्या प्रश्नाची मांडणीच बदलली. व्हाल्व्ह निर्दोष करण्याचा हट्ट सोडून द्यावा. तो सदोष आहे हें गृहीत धरावें. आणि त्यानें घातलेली भेसळ मागाहून वेंचून काढावी. यासाठीं बाहेर पडलेला प्रवाह कमी करून आंत आलेल्या प्रवाहाइतका करावयाचा आणि एकांतून दुसरा वजा करावयाचा. बाकी उरते ती निव्वळ विकृति. ती दुसऱ्या वर्धकानें वाढवून मुख्य प्रवाहांतून वजा केली कीं शुद्ध प्रवाह शिल्लक राहतो. रात्रीं दोन वाजतां सुचलेली ही रचना दुसऱ्याच दिवशीं प्रयोगशाळेंत उभी राहिली आणि चाललीहि.

तथापि ती चालती ठेवणें हें दुर्घट काम ठरलें. दोन्ही वर्धकांचें माप तंतोतंत जुळलें तरच वजाबाकी बरोबर येई; आणि व्हाल्व्हचें माप तर तासाला बदलणारें! दिवसरात्र दर तासाच्या ठोक्याला कोणीतरी तंतूचा प्रवाह योग्य मापावर आणून ठेवावयाचा, आणि दर सहा तासांनीं बॅटरीचा दाब सारखा करावयाचा, असा तो खटाटोप होता. एका ठाण्याला अहोरात्र एक माणूस, तर शेंकडों ठाण्यांना किती, हा हिशेब कोणत्याहि कंपनीच्या आवांक्याबाहेरचा होता. विचार अचूक, परंतु व्यवहारांत अशक्य, अशा अवस्थेंत चार वर्षें गेलीं.

मंगळवार, २ ऑगस्ट १९२७. मुंबईच्या केंद्राचें उद्घाटन होऊन त्या दिवशीं दहाच दिवस झाले होते. न्यू जर्सींतील होबोकेनहून हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या लॅकावाना कंपनीच्या बोटीवर ब्लॅक रोजच्याप्रमाणें कामाला निघाला होता. डेकवर उभा असतां एकाएकीं त्याला वाट दिसली. जवळ दुसरा कागद नव्हता. हातांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा त्या दिवशींचा अंक होता. त्याच्या एका पानावरील कोऱ्या जागेंत त्यानें एक आकृति काढली आणि तिच्याखालीं एक समीकरण लिहिलें. प्रयोगशाळेंत पोंचल्यावर त्या पानावर सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेण्यास तो विसरला नाहीं. विद्युत्शास्त्रांतील एका मोठ्या शोधाचें जन्मपत्र असें वर्तमानपत्राच्या पानावर लिहिलें गेलें.

त्या आकृतींत होतें तरी काय? बाहेर पडलेल्या प्रवाहाचा एक लहानसा अंश परत मागें आणून आंत येणाऱ्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनें त्यांत मिळवावयाचा, एवढेंच. यालाच पुढें निगेटिव्ह फीडबॅक असें नांव पडलें. गाणारा गवई तंबोऱ्याचा सूर सतत कानांत ठेवतो आणि आपला आवाज त्याच्याशीं ताडून पाहतो. आवाज रेसभर चढला तर तो उतरवितो, उतरला तर चढवितो; आणि हें सारें इतक्या सहजपणें होतें कीं ऐकणाराला सूर अढळच वाटतो. ब्लॅकच्या रचनेंत परत आणलेला अंश हेंच काम करतो. वर्धनांत चूक झाली कीं ती चूक परतीच्या वाटेनें प्रवेशद्वाराशीं येते, आणि तेथें विरोध करून स्वतःचीच दुरुस्ती घडवून आणते. दर तासाला उठून खिट्टी फिरविणाऱ्या माणसाचें काम अशा प्रकारें प्रवाहानेंच आपल्या अंगावर घेतलें.

याची किंमत मात्र द्यावी लागते. विरोधामुळें बरेंचसें वर्धन खर्चीं पडतें. एखाद्या वर्धकाचें मूळ वर्धन १०,००० पट आहे आणि बाहेरच्या प्रवाहाचा शंभरावा भाग विरोधासाठीं परत आणला आहे, असें समजा. मग प्रत्यक्ष हातीं येणारें वर्धन ९९ पटच राहतें. पण आतां व्हाल्व्ह जुने झाले आणि मूळ वर्धन निम्म्यावर, म्हणजे ५,००० वर आलें, तर हातीं येणारें वर्धन कितीवर येईल? ९८ पटींवर! आंतली पडझड अर्ध्याची, बाहेर दिसणारा फरक शेंकडा एकाचा. वर्धनाचें माप अशा रचनेंत व्हाल्व्हवर अवलंबून राहतच नाहीं; शंभरावा भाग मोजून परत आणणाऱ्या साध्या, टिकाऊ भागांवर तें अवलंबून राहतें. व्हाल्व्हनें घातलेली विकृतिहि त्याच प्रमाणांत, सुमारें शंभरपटीनें, कमी होते. वर्धक गरजेपेक्षां कितीतरी अधिक शक्तीचा बांधावयाचा आणि ती जादा शक्ति जाणूनबुजून टाकून द्यावयाची. त्या त्यागाच्या मोबदल्यांत स्थैर्य आणि शुद्धता पदरांत पाडून घ्यावयाची, असा हा व्यवहार होता.

त्याच वर्षीं २९ डिसेंबर रोजीं ब्लॅकनें एका सेकंदांत ४,००० ते ४५,००० कंपनांच्या पट्ट्यांत प्रयोग करून पाहिला. विकृति एक लक्षांशावर उतरली. एवढ्या यशानंतर शोधाचें स्वागतच व्हावयास हवें होतें. परंतु झालें तें उलट. त्या काळचा सारा ध्यास वर्धन वाढविण्याचा होता. १९०६ सालीं ली द फॉरेस्टनें तीन अग्रांची नळी बनविली. पुढें आर्मस्ट्राँगनें बाहेरचा प्रवाह आंतल्या प्रवाहाच्या मदतीला परत आणला आणि वर्धन अनेक पटींनीं वाढविलें. मोठ्या कष्टानें मिळविलेलें तें वर्धन हा तरुण इंजिनिअर मूठमूठ फेंकून देण्यास सांगत होता. बेल प्रयोगशाळेचे संशोधन-संचालक हॅरॉल्ड आर्नल्ड यांनीं स्वतः निर्वात नळी सुधारून टेलिफोनच्या उपयोगी आणली होती. पण त्यांनाहि ही कल्पना पटली नाहीं. नेहमींच्याच पद्धतीचे वर्धक बनवावेत, असें त्यांनीं ब्लॅकला सुचविलें.

या अविश्वासाला एक सबळ कारणहि होतें. सभेच्या मंडपांत ध्वनिक्षेपकाचा आवाज परत ध्वनिग्राहकांत शिरला कीं कर्णा किंचाळूं लागतो, हें पुष्कळांनीं अनुभवलेलें असतें. बाहेरचा प्रवाह आंत परत आणला, आणि एका फेरींत तो मूळच्यापेक्षां मोठा झाला, कीं वर्धक आपोआप गाऊं लागणार, असा तज्ज्ञांचा पक्का समज होता. ब्लॅक तर शंभरपटीच्या गोष्टी बोलत होता. प्रवाह विरोधांत परत येतो हें खरें; पण परतीच्या वाटेवर त्याला किंचित् उशीर होतो. कंपनसंख्या पुरेशी मोठी असली तर तेवढ्या उशिरांत अर्धें कंपन उलटून जातें, आणि विरोधाला आलेला प्रवाह मदतीलाच येऊन उभा राहतो. ही शंका खोटी नव्हती. पहिले कित्येक वर्धक याच कारणानें गात सुटत.

पेटंटसाठीं अर्ज ८ ऑगस्ट १९२८ रोजीं गेला आणि तेथेंहि हीच कहाणी घडली. ब्रिटिश पेटंट कचेरीनें अर्जाची गणना शाश्वत गतियंत्रांच्या जातींत केली. बाहेर काढलेलें पुनः आंत घालून त्यांतून लाभ करून घेण्याची भाषा तेथील अधिकाऱ्यांना अशक्य कोटींतील वाटली. न्यू जर्सींतील मॉरिसटाउन येथें असे सत्तर वर्धक प्रत्यक्ष चालूं आहेत, हा पुरावा पुढें करावा लागला. अमेरिकेंतील पेटंट २१ डिसेंबर १९३७ रोजीं हातीं आलें. अर्ज केल्यापासून नऊ वर्षें उलटून गेलीं होतीं.

मॉरिसटाउनचा तो प्रयोग १९३० सालचा. २५ मैल लांबीची जमिनीखालील केबल तेथें पुनः पुनः फिरवून ८५० मैलांचा मार्ग तयार करण्यांत आला, आणि त्यावरून एकाच वेळीं नऊ संभाषणें चालविण्यांत आलीं. नळ्या त्याच होत्या, बॅटऱ्या त्याच होत्या. तरी वर्धन ढळलें नाहीं आणि एक संभाषण दुसऱ्यांत घुसलें नाहीं.

राहिला होता तो किंचाळण्याचा प्रश्न. तो हॅरी नायक्विस्टनें सोडविला. मूळचा स्वीडनचा हा शास्त्रज्ञ ब्लॅकच्याच संस्थेंत काम करीत होता. परत येणारा प्रवाह किती मोठा आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. प्रत्येक कंपनसंख्येला तो किती मोठा आहे आणि किती उशिरानें येतो, या दोन्ही गोष्टींचा मिळून एक वक्र काढला पाहिजे, असें त्यानें १९३२ च्या आपल्या निबंधांत दाखविलें. त्या वक्रानें एका ठराविक बिंदूला वेढा घातला तर वर्धक गाणार, न घातला तर शांत राहणार. एका फेरींत प्रवाह शंभरपट होत असूनहि वर्धक शांत कसा राहतो, या कोड्याचें उत्तर त्यांत मिळालें. पुढें हेंड्रिक बोडे यानें ह्या गणिताला इंजिनिअरांच्या हातांत बसेल असें सुटसुटीत रूप दिलें. त्याचा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. ब्लॅकची झेप, नायक्विस्टची कसोटी आणि बोडेची पद्धति, या तिहींच्या मेळानें हा शोध पायावर उभा राहिला. ब्लॅकचा स्वतःचा निबंध १९३४ च्या जानेवारींत बेल संस्थेच्या नियतकालिकांत आला. वर्धन आवश्यकतेपेक्षां ४० डेसिबेलनें, म्हणजे शक्तीच्या हिशेबानें दहा हजारपटीनें, अधिक ठेवावें आणि तें जादा वर्धन परतीच्या वाटेनें खर्चून टाकावें, असा त्याचा सारांश होता.

तारेच्या टेलिफोनसाठीं जन्मलेली ही युक्ति बिनतारी यंत्रांतहि लवकरच शिरली. १९३६ सालीं विल्यम डोहर्टी यानें प्रक्षेपकासाठीं एक काटकसरी वर्धक शोधून काढला. त्याची वीज कमी लागे, पण विकृति अधिक होई. ती काबूंत आणण्यासाठीं त्यानें फीडबॅकचाच आधार घेतला. मुंबईच्या पहिल्या श्रोत्यांना ज्या दोषाची कल्पना नव्हती, त्याचें औषध अशा रीतीनें खुद्द प्रक्षेपकांतहि पोंचलें. घरच्या रेडिओंतील एका दुसऱ्या सोयीशीं मात्र याची गल्लत होऊं नये. दूरचें केंद्र क्षीण झालें कीं आवाज आपोआप वाढवावयाचा आणि जवळचें केंद्र लागलें कीं कमी करावयाचा, ही योजना हॅरॉल्ड व्हीलर यानें १९२५-२६ च्या सुमारास काढली. तींतहि बाहेरची खबर आंत नेली जाते. पण तिचा हेतु वर्धन बदलण्याचा असतो. ब्लॅकच्या रचनेचा हेतु वर्धन बदलूं न देण्याचा आहे. दोघी बहिणी असल्या तरी त्यांचीं घरें निराळीं आहेत.

या शोधाची खरी परीक्षा २५ सप्टेंबर १९५६ पासून सुरू झाली. त्या दिवशीं अटलांटिक महासागराच्या तळावरून स्कॉटलंड व न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली टेलिफोन केबल चालू झाली. जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन केबली होत्या. प्रत्येकींत ५१ वर्धक आणि प्रत्येक वर्धकांत तीन व्हाल्व्ह, असे एकंदर ३०६ व्हाल्व्ह समुद्राच्या पोटांत सोडण्यांत आले. तेथें दर तासाला खिट्टी फिरविण्यास कोणाचा हात पोंचणार होता? व्हाल्व्ह जात्याच टिकाऊ बनविले होते हें खरें. पण ते हळूहळू म्हातारे होत असतांहि शब्दाचें माप ढळूं नये, ही जबाबदारी फीडबॅकनें उचलली. आरंभीं ३६ संभाषणें एकदम नेणारी ती केबल १९७८ पर्यंत सेवेंत होती. पुढें व्हाल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तेहि उष्णतेनें बदलणारे आणि एकमेकांशीं न जुळणारे. पण ब्लॅकची रचना तशीच कायम राहिली. आजच्या बोटाच्या पेराएवढ्या इलेक्ट्रॉनिक वर्धकांत मूळ वर्धन लाखांच्या घरांत असतें, आणि त्यांतलें बहुतेक सारें याच रीतीनें खर्चीं टाकलें जातें.

ब्लॅकच्या पहिल्या, टाकून द्याव्या लागलेल्या रचनेचेंहि शेवटीं सोनें झालें. विकृति वेगळी काढून वजा करण्याची १९२३ ची ती युक्ति विसाव्या शतकाच्या अखेरीस मोबाइल टेलिफोनच्या मनोऱ्यांतील वर्धकांत पुनः वापरांत आली. दर तासाला माप जुळविण्याचें जें काम माणसाच्या आटोक्याबाहेरचें होतें, तें तोंवर स्वयंचलित मंडलांच्या हातीं सोंपवितां येऊं लागलें होतें.

हॅरॉल्ड ब्लॅक ११ डिसेंबर १९८३ रोजीं निवर्तला. त्यानें व्हाल्व्हचा स्वभाव बदलला नाहीं. व्हाल्व्ह पूर्वीं जितका लहरी होता तितकाच शेवटपर्यंत राहिला. बदलली ती त्याच्याकडून काम करून घेण्याची रीत. आपली चूक आपल्याच दाराशीं परत यावी अशी वाट त्याला करून दिली, आणि त्यासाठीं हातचें पुष्कळसें सामर्थ्य आनंदानें सोडून दिलें. होबोकेनच्या बोटीवर वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेंत लिहिलेल्या त्या एका ओळीचा अर्थ एवढाच होता. आणि समुद्राच्या तळाशीं, जेथें कोणाचा हात पोंचत नव्हता, तेथें तो बावीस वर्षें खरा ठरत राहिला.